सूर्य मंद होता तेव्हा

गेल्या श्रावणातली गोष्ट. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सूर्यावर बोलत होतो. म्हणजे आकाशातल्या सूर्यावर नव्हे, कवितेतल्या सूर्यावर. आपल्या भाषेत सूर्य हा न बदलणाऱ्या गोष्टींचा दाखला आहे. एखादी गोष्ट घडणेच शक्य नाही असे सांगायचे, तर आपण सूर्याला पश्चिमेला उगवायला लावतो. जुन्या दानपत्रांतही दान कायमचे आहे हे सांगायला ‘यावच्चंद्रदिवाकरौ’चा शिक्का मारलेला असतो. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, ‘माणसं बदलतात, राज्यं बदलतात, पण सूर्य? तो पहिल्या दिवशी जसा होता तसाच आजही आहे!’ वाक्य मला आवडले. वर्गालाही आवडले असावे, कारण दोघातिघांनी ते वहीत उतरवून घेतले.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारावीपर्यंत ती शास्त्र शाखेत होती आणि नंतर घरच्यांशी भांडून मराठीकडे आली होती. तिच्याविषयी मला थोडा अभिमान होता आणि थोडी धास्तीही.

‘सर, सूर्य तसाच नव्हता,’ ती म्हणाली. ‘पृथ्वी नवी होती तेव्हा त्याचा प्रकाश आजच्या ७० टक्केच होता. आणि तरीसुद्धा समुद्र गोठलेले नव्हते. ते कसं, हे मात्र मला नीट कळलेलं नाही.’

अशा वेळी मास्तर लोकांपाशी एक हुकमी वाक्य असते, ‘यावर पुढच्या तासाला बोलू.’ मी ते वापरले आणि तास संपल्यावर थेट स्टाफरूममध्ये आमच्या भूशास्त्राच्या प्राध्यापकमित्रांना गाठले. ते चहा बशीत ओतत होते.

‘बरोबर आहे तिचं,’ ते शांतपणे म्हणाले. ‘आणि तुमचं चूक आहे.’

त्या दिवसापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्या टेबलावर निबंधांच्या वह्यांपेक्षा या विषयावरचे कागदच अधिक साचले. त्यातून माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला जे उमजले ते घरातल्या थोरामोठ्यांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी सूर्याचे पाहू. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातून उष्णता निघते, एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. पण या व्यवहारात हायड्रोजनची चार अणुकेंद्रे जातात आणि त्यांच्या जागी हेलियमचे एकच येते. एका खोलीत चार पोरे धक्काबुक्की करीत भिंतींना बाहेर रेटत आहेत, आणि त्या चौघांऐवजी एकच पोर उरले, तर भिंती आत येणारच. सूर्याचा गाभा असाच वरच्या थरांच्या ओझ्याखाली हळूहळू आकसतो; आकसला की तापतो; तापला की ज्वलन आणखी वेगाने होते. म्हणजे इंधन जळत जाते तसा हा दिवा मंद न होता प्रखर होत जातो. आपल्या समईचा अनुभव याच्या अगदी उलट आहे, म्हणून ही गोष्ट चटकन पटत नाही. पण ताऱ्यांच्या घडणीचे गणित १९५० नंतरच्या दहा वर्षांत पक्के होत गेले, आणि त्या गणितातून सुटका नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य जन्मला तेव्हा तो आजच्या ७० टक्के प्रकाश देत होता. तेव्हापासून दर १० कोटी वर्षांना साधारण १ टक्का, अशी ही वाढ चालू आहे.

आता पृथ्वीचा जमाखर्च. माझी आई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वही घेऊन बसे. डाव्या बाजूला वडिलांचा शाळामास्तराचा पगार, उजव्या बाजूला वाणी, दूध, फी, औषध. डावी बाजू वाढवणे तिच्या हाती नव्हते. सगळे कौशल्य उजव्या बाजूला. पृथ्वीचेही तसेच आहे. जमेला सूर्याची उष्णता, खर्चाला अवकाशात परत जाणारी उष्णता. आज पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. हवेचे पांघरूण नसते आणि बाकी सगळे आजच्यासारखेच असते, तर ते उणे १८ भरले असते. मधले ३३ अंश ही त्या पांघरुणाची कमाई. नायट्रोजन आणि प्राणवायू हे हवेतले मुख्य वायू या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत. उष्णता बाहेर जाताना अडवतात ते पाण्याची वाफ, कर्बवायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मिथेनसारखे किरकोळ प्रमाणातले वायू.

डाव्या बाजूचा आकडा १०० वरून ७० वर आणा आणि पांघरूण आजचेच ठेवा. सरासरी तापमान शून्याच्या खाली जाते. त्यात दुष्काळात तेरावा महिना असा, की बर्फ पांढरा असतो. तो आला की येणारा प्रकाशही परत फेकला जातो, थंडी वाढते, आणखी बर्फ होतो. १९७२ मध्ये कार्ल सेगन आणि जॉर्ज म्यूलन या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोघांनी हा हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हवा आजच्यासारखी असती, तर सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीवरचे पाणी गोठलेलेच असायला हवे होते.

आणि दगड तर नेमके उलटे सांगतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या खडकांत झिरकॉन या खनिजाचे मोहरीहूनही बारीक कण सापडतात. त्यांपैकी एक ४४० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीवर सापडलेला हा सर्वांत जुना कण. त्याच्यातल्या जड आणि हलक्या प्राणवायूचे प्रमाण पाहता, ज्या द्रवातून तो घडला त्यात पूर्वी पाण्याशी संबंध आलेल्या खडकाचा अंश असावा, असे २००१ मध्ये मांडले गेले. हा पुरावा फार नाजूक आहे असे कोणी म्हटल्यास ग्रीनलंडला जावे. तिथे इसुआ भागात ३७० कोटी वर्षांहून जुना लाव्हा उशांची चळत रचावी तसा पडलेला आहे. तापलेला लाव्हा पाण्यात ओतला गेला की त्याची साल एकदम थिजते आणि असे गोल गठ्ठे होतात. आजही समुद्राच्या तळाशी ते होताना दिसतात. पुन्हा पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारा भागात, ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यात सूक्ष्म जीवांनी थरावर थर चढवून केलेल्या रचना आहेत. पाणी होते, लाटा होत्या, जीव होते. आणि वर सत्तर टक्क्यांचा सूर्य!

इथे वाचक विचारतील, आणि मीही विचारले, की पृथ्वीच्या पोटातल्या आगीचे काय? मित्रांनी मान हलवली. आज पोटातून वर येणारी उष्णता सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या हजाराव्या भागाइतकीही नाही. तेव्हा ती काही पट अधिक होती असे धरले, तरी ३० टक्क्यांची तूट भरून निघत नाही. सूर्यच आधी अधिक वजनदार, म्हणून अधिक तेजस्वी होता, असेही कोणी सुचवले. पण त्याच वयाचे इतर तारे पाहता त्याला आधार मिळत नाही. म्हणजे उत्तर खर्चाच्या बाजूलाच शोधायचे. आईच्या पद्धतीने.

सेगन आणि म्यूलन यांनी अमोनियाचे नाव घेतले. अमोनिया चांगले पांघरूण आहे, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे तो टिकत नाही. काही दशकांतच फाटून जातो. मग १९७९ मध्ये ओवेन, सेस आणि रामनाथन या तिघांनी कर्बवायूचा हिशेब मांडला. यातले वीरभद्रन रामनाथन मदुराईत जन्मलेले, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. कर्बवायू आजच्या शेकडो पट असेल तर मंद सूर्याखालीही समुद्र वाहते राहतात, असे त्यांना आढळले.

बरे, पण तो नेमका हवा तेवढाच कसा राहिला? सूर्य तर सारखा वाढतो आहे. पांघरूण तेवढेच जाड राहिले असते तर पुढे पृथ्वी भाजून निघाली असती. ४०० कोटी वर्षे कोणीतरी रोज उठून पांघरुणाचा एकेक पदर काढत होते की काय?

हे काम पाऊस करतो. १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी ही व्यवस्था उलगडून दाखवली, आणि या सगळ्या वाचनात मला खरा थक्क करणारा भाग तो वाटला. पावसाच्या थेंबात हवेतला कर्बवायू विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होते. सोड्याच्या बाटलीत असतो तोच आंबटपणा, अगदी सौम्य. हे पाणी खडकावर पडते आणि हळूहळू त्याला खाते. खडकातला कॅल्शियम आणि तो कर्ब असे दोघे ओढ्यानदीतून समुद्रात जातात, तिथे त्यांची चुनखडी होते आणि तळाशी बसते. म्हणजे कर्बवायू हवेतून निघून दगडात बंद झाला. पुढे समुद्राचा तळ सरकत सरकत पृथ्वीच्या पोटात जातो, तापतो, आणि तोच वायू ज्वालामुखीच्या तोंडातून पुन्हा हवेत येतो.

यातली मेख अशी. हवा गरम असेल तर पाऊस अधिक, खडक झिजण्याचा वेग अधिक. कर्बवायू भराभर दगडात जातो आणि पांघरूण विरते. हवा थंड पडली तर पाऊस कमी, झीज मंदावते. पण ज्वालामुखी काही थंडी पाहून थांबत नाहीत. त्यांचा कर्बवायू साचत जातो आणि पांघरूण जाड होते. कोणी उठून पदर काढायची गरजच नाही.

मित्रांनी हे मला कागदावर सांगितले तेव्हा मी मान डोलावली. पण खरे पटले ते घाटात. भाद्रपदात एका रविवारी ते मला रस्त्याच्या कडेच्या कापलेल्या दरडीपाशी घेऊन गेले. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साठलेला लाव्हा, काळा कातळ. दरडीत काळे गोटे होते आणि त्यांच्या भोवती कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशा तांबूस साली सुटत होत्या. मी एक साल बोटांनी दाबली, तर तिचा भुगा झाला. आत गोटा मात्र टणक, हातोडीला दाद न देणारा. ‘हा पावसाचा घास,’ मित्र म्हणाले. ‘काळा कातळ तसा इतर कित्येक खडकांपेक्षा लवकर झिजतो. या डोंगराने कर्बवायूचं केवढं काम केलं असेल, विचार करा.’ देशावरच्या काळ्या रानात नांगराला पांढरे खडे लागतात, ते भाजून पूर्वी वाड्यांसाठी चुना करीत. तेही कॅल्शियम आणि कर्ब यांचेच मीलन. आमच्या आजोळच्या जुन्या भिंतीत हवेतला कर्ब बसवलेला होता, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

पृथ्वीवरच्या सगळ्या चुनखडीतला कर्बवायू मोकळा केला तर तो जवळजवळ शुक्रावर आहे तितका भरेल, असे म्हणतात. शुक्रावर हवेचा दाब आपल्या नव्वद पट आणि उष्णता ४६० अंश. तिथे पाऊस नाही, म्हणून वायू दगडात जात नाही. मंगळाचे कोडे आणखी बिकट, कारण तो सूर्यापासून आपल्याहून दूर. तरी त्याच्यावर जुन्या नद्यांची पात्रे आहेत, आणि २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीला गेल विवरात सरोवराचा गाळ सापडला. पण ते प्रकरण वेगळे.

एवढे झाल्यावर मी वर्गात विजयी मुद्रेने ‘पुढचा तास’ घेतला. ती मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘पण सर, तेव्हा कर्बवायू तेवढा होता याचा पुरावा?’

पुन्हा स्टाफरूम.

पुरावा आहे, पण तो अडचणीचा आहे. हवेत कर्बवायू फार असेल तर जुन्या मातीत लोहाचे एक विशिष्ट कार्बोनेट तयार व्हायला हवे. १९९५ मध्ये तिघा संशोधकांनी २२० ते २७५ कोटी वर्षांपूर्वीच्या, दगड झालेल्या मातीत ते शोधले. ते तिथे नव्हते. म्हणजे एकट्या कर्बवायूवर भिस्त ठेवता येईना. नंतरच्या संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण पांघरुणाला आणखी एखादा पदर असावा, हा संशय तेव्हापासून आहे.

दुसरा पदर मिथेनचा. गोबरगॅसच्या टाकीत जो होतो तोच. प्राणवायूविना जगणारे सूक्ष्म जीव तो करतात, आणि हे जीव फार जुने. आजच्या हवेत प्राणवायूमुळे मिथेन दहाबारा वर्षांत संपतो. तेव्हा प्राणवायू नव्हताच, म्हणून तो हजारो वर्षे टिके. म्हणजे पृथ्वीला ऊब देण्याच्या कामात जीवांचाही हात होता. मात्र हाही पदर हवा तेवढा वाढवता येत नाही. मिथेन फार झाला की हवेत नारिंगी धुके धरते आणि ते उलट सावली करते. शनीचा टायटन हा उपग्रह आजही तशा धुक्यात गुरफटलेला आहे. पुढे दुसऱ्या जातीच्या जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला, आणि मिथेनचे पांघरूण फाटले. साधारण त्याच काळातल्या मोठ्या हिमयुगांच्या खुणा कॅनडात ह्यूरन सरोवराच्या उत्तरेला आहेत. या दोन गोष्टींचा संबंध आहे असे अनेकांना वाटते. व्यवस्था कधीच बिघडली नाही असे नव्हे. पुढेही, ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, पृथ्वी दोनदा जवळजवळ संपूर्ण बर्फाखाली गेली होती, आणि ज्वालामुखींनी लाखो वर्षे कर्बवायू साठवून तिला बाहेर काढले.

आणखीही मते आहेत. २०१० मध्ये ग्रीनलंडमध्येच जन्मलेले मिनिक रोसिंग आणि त्यांचे सहकारी म्हणाले, की तेव्हा जमीन कमी, काळा समुद्र अधिक, ढगही विरळ. म्हणून पृथ्वी आलेला प्रकाश कमी वाया घालवत होती. कोडे वाटते तेवढे मोठे नाहीच. हे सर्वांना पटलेले नाही.

पण मला स्वतःला या वाचनात सर्वांत प्रिय झाली ती पावसाच्या थेंबांची हकीकत. दक्षिण आफ्रिकेत २७० कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची ताजी राख पडलेली होती. तिच्यावर एक सर आली. थेंबांचे खळगे उमटले, वर पुन्हा राख पडली, आणि ते खळगे दगड होऊन राहिले. त्या वेळी पाऊस पडत होता, याहून सरळ साक्ष कोणती हवी? पण शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबत नाहीत. हवा दाट असेल तर थेंब सावकाश पडतो आणि खळगा लहान होतो. म्हणून खळगे मोजून तेव्हाच्या हवेचे वजन काढता येईल, हे चार्ल्स लायेल यांनी १८५१ मध्येच सुचवून ठेवले होते. संजॉय सोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१२ मध्ये करून पाहिले. उंचावरून पाण्याचे थेंब ज्वालामुखीच्या राखेवर पाडले, खळगे मोजले, जुन्या खळग्यांशी ताडून पाहिले. उत्तर आले की हवा आजच्या दुपटीहून दाट नसावी. इतरांनी त्यावर शंका घेतल्या. मग २०१६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या तेवढ्याच जुन्या लाव्ह्याच्या थरात वरचे आणि खालचे बुडबुडे मोजले, आणि हवेचा दाब आजच्या निम्म्याहूनही कमी निघाला. म्हणजे जाडजूड हवेने उष्णता कोंडली, ही सोपी वाटही बिकट झाली.

हे सगळे मी वर्गात सांगितले. अभ्यासक्रमाचे दोन तास गेले. ते मी दिवाळीनंतर भरून काढीन. त्या मुलीने तेव्हा जो प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. ‘म्हणजे पाऊस आणि दगड कर्बवायू काढून घेतातच. मग आज आपण एवढा धूर सोडतो, त्याची काळजी कशाला? पृथ्वी सांभाळून घेईल ना?’

या वेळी उत्तर देण्यासाठी मी मित्रांनाच वर्गात घेऊन आलो. त्यांनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायू २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कर्बवायू सोडतात, त्याच्या शंभर पटींहून अधिक आपण सोडतो.

‘सांभाळून घेईल की,’ ते म्हणाले. ‘जादा झालेला सगळा कर्बवायू दगडात घालायला पावसाला काही लाख वर्षं लागतील. तुला थांबायला वेळ आहे?’

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने आकडे वहीत लिहून घेतले, आणि त्याच पानावर वर असलेले माझे ते सूर्याचे वाक्य एका रेघेने खोडले. मी ते पाहिले, हेही तिने पाहिले.

घाटातून आणलेला एक गोटा माझ्या टेबलावर असतो. त्याच्या साली सुटतात आणि निबंधांच्या वह्यांवर तांबडी भुकटी पडते. गेल्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई चालली होती. सौ. तो गोटा हातात घेऊन उभी राहिली.

‘अहो, हा टाकायचा ना?’

मी तिला पहिल्यापासून सगळे सांगितले. पाऊस, आंबट पाणी, कॅल्शियम, चुनखडी, ज्वालामुखी. हातातला झाडू भिंतीला टेकवून तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

‘म्हणजे हा पावसात असला तरच काम करणार?’

‘होय.’

‘मग इथे टेबलावर बसून काय करतोय?’ ती म्हणाली, आणि गोटा उचलून तिने गॅलरीच्या कठड्याबाहेर, पागोळ्या पडतात तिथे ठेवून दिला.